‘घाशीराम कोतवाल’ आणि त्याचा प्रेक्षक : प्रतिसादातील भिन्नतेचा ऐतिहासिक अभ्यास

बीजशब्द : मराठी रंगभूमी, घाशीराम कोतवाल, नाना फडणवीस, प्रेक्षकप्रतिसाद, ऐतिहासिक नाटक, लोककला.

प्रस्तावना

नाटक ही केवळ लेखकाची निर्मिती नसते. संहिता, प्रयोग आणि प्रेक्षक या तिघांच्या मीलनातून ते आकारास येते. यांपैकी प्रेक्षक हा घटक सर्वांत अस्थिर असतो. तो काळानुसार बदलतो, गावानुसार बदलतो, आणि एकाच प्रेक्षागृहात शेजारी शेजारी बसलेल्या दोन व्यक्तींमध्येही भिन्न असतो. मराठी रंगभूमीच्या इतिहासात या अस्थिरतेचा सर्वांत ठळक प्रत्यय विजय तेंडुलकर यांच्या ‘घाशीराम कोतवाल’ या नृत्यसंगीतप्रधान नाटकाने दिला. एका वर्गाने ते मराठी रंगभूमीचा नवा मानबिंदू म्हणून डोक्यावर घेतले, तर दुसऱ्या वर्गाने ती एका थोर मुत्सद्द्याची व एका समाजाची बदनामी मानली. प्रयोग एकच असताना प्रतिसाद इतके परस्परविरोधी का झाले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक घाशीराम

घाशीराम सावळदास हा मूळचा उत्तर हिंदुस्थानी कनोजी ब्राह्मण. औरंगाबादेकडून तो पुण्यास आला आणि १७७७ मध्ये पुणे शहराच्या कोतवालीवर त्याची नेमणूक झाली. शहरातील बंदोबस्त, चौक्यापहारे, रात्रीची गस्त, परवाने व दंडवसुली ही कोतवालाची कामे होत. या अधिकाराचा जो जाच नगरवासीयांना झाला, त्याची स्मृती पुण्याच्या लोकमानसात दीर्घकाळ टिकून राहिली. ऑगस्ट १७९१ मध्ये काही तेलंगी ब्राह्मणांना चोरीच्या संशयावरून पकडून एका कोंदट जागेत कोंडण्यात आले आणि त्यांपैकी अनेक जण गुदमरून मृत्युमुखी पडले. प्रक्षुब्ध जमावाच्या मागणीपुढे सरकारला नमते घ्यावे लागले. घाशीराम जमावाच्या स्वाधीन झाला आणि दगडांनी ठेचून मारला गेला. पुढे मराठी भाषेत त्याचे नाव जुलमी अधिकाऱ्याचे पर्यायनामच बनले. मोरोबा कान्होबा यांनी १८६३ मध्ये याच नावाचे पुस्तक लिहिले होते. यावरून ही कथा तेंडुलकरांपूर्वीच साहित्यात आलेली होती, हे स्पष्ट होते.

नाना फडणवीस यांची प्रतिमा याहून अगदी निराळी होती. नारायणरावाच्या खुनानंतर बारभाईंच्या कारस्थानातून राज्य सावरणारा, इंग्रजांचे अंतःस्थ हेतू ओळखणारा, सालबाईच्या तहापासून (१७८२) खर्ड्याच्या लढाईपर्यंत (१७९५) मराठी सत्तेचा तोल सांभाळणारा पुरुष अशी ती प्रतिमा होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मराठ्यांचा इतिहास हा पारतंत्र्यातील मराठी समाजाच्या स्वाभिमानाचा आधार झाला. त्या इतिहासात नानांचे स्थान अढळ होते. त्यांच्या खाजगी आयुष्यातील अनेक विवाहांसारख्या गोष्टी अभ्यासकांना ज्ञात होत्या. परंतु शाळेच्या पुस्तकांतून आणि ऐतिहासिक नाटक-कादंबऱ्यांतून समाजमनात रुजला तो मुत्सद्दी नाना.

नाटकाची रचना

‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या पुण्यातील संस्थेने १६ डिसेंबर १९७२ रोजी भरत नाट्य मंदिरात सादर केला. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे, संगीत भास्कर चंदावरकर यांचे आणि नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांची होती. मोहन आगाशे यांनी नाना फडणवीस, तर रमेश टिळेकर यांनी घाशीराम साकारला.

नाटकातील कथा अशी : पोट भरण्यासाठी पुण्यात आलेल्या परदेशी ब्राह्मणावर चोरीचा आळ येतो. मारहाण व अवहेलना सोसून तो या शहरावर सूड उगवण्याची प्रतिज्ञा करतो. आपली कोवळी मुलगी गौरी हिला तो नानांच्या वासनेला अर्पण करतो आणि त्या मोबदल्यात कोतवाली मिळवतो. त्याच्या जुलमाने शहर त्रस्त होते. मुलगी मरते. अखेर ब्राह्मणांच्या मृत्यूने प्रजा खवळताच नाना त्याच्या मृत्यूच्या हुकमावर निर्विकारपणे सही करतात आणि आपण मात्र सुरक्षित राहतात.

ही कथा ज्या रूपात मांडली गेली ते रूप अपूर्व होते. पारंपरिक संगीत नाटकात गायक नट पद गाण्यासाठी कथानक थांबवतो. येथे कथानकच गाण्यातून व हालचालीतून पुढे सरकते. रंगमंचावर ओळीने उभे राहिलेले ब्राह्मण म्हणजे एक माणसांची भिंत. ती कधी वाडा होते, कधी रस्ता, कधी पडदा, कधी जमाव. दशावतारी खेळातील नमन, कीर्तन, अभंग, लावणी, तमाशातील सवालजवाब असे अनेक प्रकार चंदावरकरांनी एका सूत्रात ओवले. भक्तीची चाल चालू असतानाच शृंगाराची चाल तिच्यात मिसळते. कीर्तनाला जातो असे सांगून निघालेले ब्राह्मण बावनखणीत पोहोचतात. संगीत अशा प्रकारे केवळ रंजनाचे साधन न राहता भाष्याचे साधन होते, आणि पुढील वादाचे मूळही येथेच आहे.

पहिला प्रतिसाद : गौरव आणि आघात

आरंभीच्या प्रयोगांना लाभलेला प्रतिसाद एकसुरी नव्हता. तरुण प्रेक्षक, प्रायोगिक रंगभूमीचे कार्यकर्ते आणि समीक्षकांचा एक वर्ग या प्रयोगाच्या लयीने भारावून गेला. बैठकीच्या खोलीत अडकलेल्या वास्तववादी नाटकाला एक समर्थ पर्याय मिळाला, आणि तोही परकीय अनुकरणातून न येता मराठी मातीतील कलाप्रकारांतून आला, अशी त्यांची भावना होती.

दुसऱ्या वर्गाला त्याच प्रयोगात अवमान दिसला. त्यांचे आक्षेप साधारणतः तीन प्रकारचे होते. पहिला आक्षेप इतिहासाचा : नानांनी घाशीरामाच्या मुलीच्या बदल्यात कोतवाली दिली यास विश्वसनीय आधार नाही, असे इतिहासप्रेमींचे म्हणणे होते. दुसरा आक्षेप जातीचा : पेशवाईतील ब्राह्मणांचे सामूहिक चित्रण लंपट व दांभिक असल्याने नाटक ब्राह्मणविरोधी आहे, असे मानले गेले. महाराष्ट्रातील ब्राह्मणेतर चळवळीची पार्श्वभूमी आणि १९४८ मधील गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीची स्मृती ताजी असलेल्या समाजात ही भीती निव्वळ काल्पनिक म्हणता येत नाही. तिसरा आक्षेप पावित्र्याचा : अभंग व देवतांचे नमन यांना शृंगाराच्या शेजारी बसवणे ही श्रद्धेची विटंबना वाटली.

हा मतभेद प्रेक्षागृहापुरता राहिला नाही, तो निर्मात्या संस्थेतही शिरला. संस्थेचे प्रमुख भालबा केळकर यांनी १९ प्रयोगांनंतर नाटक थांबवले. हे मान्य नसलेले कलावंत संस्थेतून बाहेर पडले आणि त्यांनी १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी ही नवी संस्था स्थापन केली. ११ जानेवारी १९७४ पासून तिच्यातर्फे नाटकाचे प्रयोग पुन्हा सुरू झाले. एका नाटकाच्या प्रतिसादातून एक संस्था दुभंगावी व दुसरी जन्मास यावी, ही रंगभूमीच्या इतिहासातील दुर्मिळ घटना होय.

येथे एक बाब लक्षात घेतली पाहिजे. नाटक करणारे, त्याला टाळ्या देणारे आणि त्याला विरोध करणारे हे तिन्ही गट बव्हंशी पुण्याच्या त्याच सुशिक्षित मध्यमवर्गातील होते. त्यामुळे हा संघर्ष दोन परक्या समूहांमधील नव्हता. एकाच समाजाने आपल्या भूतकाळाकडे कसे पाहावे, यावरील तो अंतर्गत वाद होता.

लेखकाची भूमिका आणि राजकीय वाचन

तेंडुलकरांनी हे ऐतिहासिक नाटक नाही, असे स्पष्ट केले होते. विशिष्ट सामाजिक परिस्थितीतून घाशीराम निर्माण होतात आणि त्यांना स्थळकाळाचे बंधन नसते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. सत्ताधारी आपल्या सोयीसाठी एखादी हिंस्र शक्ती उभी करतात, तिच्या आडून आपली कृत्ये लपवतात आणि ती शक्ती डोईजड झाली की तिचा बळी देतात, हा या नाटकाचा गाभा आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेचा मुंबईतील उदय या लेखनामागे आपल्या मनात होता, असेही तेंडुलकरांनी नंतर सूचित केले.

या भूमिकेमुळे प्रेक्षकांचा आणखी एक वर्ग घडला. त्याच्या दृष्टीने पेशवाई हे केवळ वेषांतर होते आणि खरा विषय समकालीन सत्ता हा होता. १९८० च्या दशकात पंजाबमधील घडामोडींच्या संदर्भातही या नाटकाचा अर्थ लावला गेला. महाराष्ट्राबाहेर हे वाचन अधिक सहज झाले. वसंत देव यांच्या हिंदी अनुवादामुळे नाटक हिंदी रंगभूमीवर गेले. राजिंदर नाथ व ब. व. कारंत यांच्यासारख्या दिग्दर्शकांनी ते सादर केले. नाना फडणवीस या नावाशी भावनिक नाते नसलेल्या प्रेक्षकाला नाना हा ‘सत्ताधीश’ म्हणून दिसणे स्वाभाविक होते. पुण्यातील प्रेक्षकाला मात्र नानावाडा, शनिवारवाडा आणि बावनखणी ही परिचित स्थळे होती. त्याच्यासाठी रूपकाच्या मागे एक खरा माणूस उभा होता.

युरोपचा दौरा : परक्या प्रेक्षकाची भीती

१९८० मध्ये थिएटर अकॅडमीला या नाटकासह युरोपचा दौरा करण्याची संधी मिळाली, तेव्हा विरोधाने उग्र रूप धारण केले. शिवसेनेसह अनेकांनी दौऱ्यास विरोध केला आणि प्रकरण न्यायालयापर्यंत पोहोचले. अखेर नाटक हे इतिहासकथन नसून ऐतिहासिक नाना हे थोर मुत्सद्दी होते, अशा आशयाचे निवेदन प्रयोगापूर्वी करण्याचे मान्य करण्यात आले आणि दौरा पार पडला.

हा प्रसंग प्रेक्षकप्रतिसादाच्या अभ्यासात महत्त्वाचा आहे. सात-आठ वर्षे महाराष्ट्रात होणारे प्रयोग एकवेळ सहन करता येतात, परंतु तेच परदेशी प्रेक्षकासमोर जाणे असह्य होते, असे यातून दिसते. घरातील उणीदुणी चव्हाट्यावर आणू नयेत, ही वृत्ती त्यामागे होती. प्रत्यक्षात युरोपीय प्रेक्षकाचे कुतूहल वेगळ्याच गोष्टींकडे वळले. सामूहिक हालचाली, मानवी भिंत, संगीताची लय या अंगांचे तेथे विशेष कौतुक झाले. ज्या निंदेच्या भीतीने विरोध झाला, ती निंदा त्या प्रेक्षकाच्या दृष्टीने जवळपास अस्तित्वातच नव्हती. मात्र याची दुसरी बाजूही आहे. केवळ रूपाचे कौतुक करणाऱ्या प्रेक्षकापर्यंत नाटकातील सत्तामीमांसेचा दंश कितपत पोहोचला असेल, हा प्रश्न उरतोच.

प्रतिसादभिन्नतेची मीमांसा

वरील विवेचनावरून असे दिसते की, ‘घाशीराम कोतवाल’विषयीचे मतभेद हे मूलतः आवडीनिवडीचे नव्हते. आपण काय पाहत आहोत, याविषयीच प्रेक्षकांत एकवाक्यता नव्हती. इतिहास पाहावयास आलेल्यास विकृती दिसली. रूपक पाहणाऱ्यास आपला वर्तमान दिसला. कलारूप पाहणाऱ्यास परंपरेचे नवे सामर्थ्य दिसले.

संगीताची भूमिका येथे निर्णायक ठरते. हीच कथा रूक्ष गद्यात सांगितली असती, तर तिच्यावर पुराव्याच्या अंगाने वाद झाला असता आणि तो अभ्यासकांपुरता राहिला असता. अभंगाची चाल मराठी माणसाच्या बालपणापासून कानांत असते. तीच चाल अन्यायाच्या दृश्यामागे ऐकू आली की प्रेक्षक तटस्थ राहू शकत नाही. तो नकळत ताल धरतो आणि दुसऱ्याच क्षणी आपण कशाला ताल धरला हे त्याला उमगते. कोणाला या जाणिवेतून आत्मपरीक्षणाची दिशा मिळाली, कोणाला ती फसवणूक वाटली. आनंद व संताप या दोहोंचा उगम एकाच नाट्ययुक्तीत होता.

तथापि विरोधकांचा आक्षेप सर्वस्वी निराधार ठरवणे हेही एकांगी होईल. कल्पित पात्राला लेखक हवे ते रूप देऊ शकतो, परंतु खऱ्या व्यक्तीचे नाव घेतल्यावर त्या नावाभोवतीचा अर्थ लेखकाच्या पूर्ण ताब्यात राहत नाही. प्रास्ताविकात ‘हा इतिहास नव्हे’ असे म्हटले, तरी नाटक पाहून बाहेर पडणारा सामान्य प्रेक्षक नानांची एक प्रतिमा मनात घेऊनच जातो. दुसऱ्या बाजूने, नावे बदलली असती तर नाटकाची धारही गेली असती. पूज्य मानलेल्या सत्तेच्या अंतरंगात डोकावण्याचे धाडस हाच त्याचा प्राण होता. घाशीरामाला दगड मारणारा जमाव आपण न्याय केला असे समजतो आणि त्याला निर्माण करणारा सुटून जातो, हे सत्य पचवणे इतिहासाच्या तपशिलापेक्षा अधिक कठीण होते.

समारोप

‘घाशीराम कोतवाल’ने मराठी प्रेक्षक हा एकजिनसी समूह नसल्याचे दाखवून दिले. १९७६ मध्ये त्यावर चित्रपट निघाला. जयंत कर्वे आणि एलिनॉर झेलियट यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला. आधुनिक भारतीय नाटकाच्या अभ्यासक्रमांतही त्याला स्थान मिळाले. मान्यता वाढत गेली तसा विरोधाचा आवेग ओसरला, परंतु वादाचा मूळ प्रश्न सुटला नाही. पूर्वजांविषयीचा आदर आणि सत्तेविषयीचा संशय या दोन्ही वृत्ती समाजाला आवश्यक आहेत आणि त्या नेहमी एकत्र नांदतातच असे नाही. या नाटकाने त्या दोहोंना एकाच रंगमंचावर आमनेसामने उभे केले. म्हणून त्याच्या प्रेक्षकांच्या प्रतिसादाचा इतिहास हा केवळ एका नाटकाचा इतिहास राहत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मराठी समाजाने आपल्या भूतकाळाशी घातलेल्या वादाचा तो एक महत्त्वाचा दस्तऐवज ठरतो.