घोळ : भाजी का तण?

मंडळी, कांद्यात आणि मिरचीत सध्या घोळ जोरात पसरलीय. खुरपणीला आलेल्या बाया निम्मी घोळ बांधावर टाकतात आणि निम्मी ओट्यात घालून घरी नेतात. एकाच रोपाला दोन न्याय. हे भांडण बरंच जुनं आहे, म्हणून आज थोडा इतिहास.

१६व्या शतकातल्या भावप्रकाशात शाकवर्गात लोणीचे दोन प्रकार सांगितलेत. त्यातल्या मोठीचं नाव घोटिका. आपला 'घोळ' हा शब्द त्याच घराण्यातला वाटतो. १७५३ साली लिनिअसनं तिचं नाव ठेवलं पोर्तुलाका ओलेरासिया. ओलेरासिया म्हणजे भाजीपाल्यातली. म्हणजे शास्त्रीय नावातच ती भाजी आहे. पुढं १९७७ साली जगातल्या सगळ्यात त्रासदायक तणांवर एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ आला, त्यात हीच घोळ. आणि १९८६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की हिच्या पानात ओमेगा-३ आहे. झाली परत भाजी!

मला सगळ्यात पटलेली गोष्ट कॅनडातली आहे. लोक समजत होते की घोळ अमेरिकेत कोलंबसानंतर युरोपातून गेली. पण ओंटारिओमधल्या क्रॉफर्ड तळ्याच्या तळाशी दरवर्षी गाळाचा एकेक थर बसतो, झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे ते मोजता येतात. तिथं घोळीचे परागकण आणि बी सापडलं, तेही १३५० च्या आसपासच्या थरापासून. १९७५ साली हे छापून आलं. त्या काळी तळ्याकाठी तिथले मूळ रहिवासी मका पेरत होते. म्हणजे माणसानं जमीन उकरली की घोळ हजर. ती जंगलाची नाही, आपल्या खुरप्याचीच सोबतीण आहे.

बंदोबस्तही इथूनच सुरू होतो. बी अगदी बारीक, काळं. एका मोठ्या रोपाला लाखाच्या वर धरू शकतं आणि जमिनीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं. ते उगवतं वरच्या थरात, उजेड आणि ऊब मिळाली की. आपण खोल उकरून खालचं बी वर आणतो आणि मग खुरपणीची मजुरी पुन्हा पुन्हा मोजत बसतो.

आधी ओळख पक्की करा :
- देठ गुळगुळीत, लालसर, पाणीदार. पान जाड, टोकाला गोलसर. फूल पिवळं. फळाचं टोपण निघतं.
- तोडल्यावर पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, दुधीच्या जातीतलं काहीतरी आहे. खाऊ नका.
- पान बारीक, पेऱ्यापाशी पांढरे केस आणि फुलाला चारच पाकळ्या असतील तर ती चिवळ. घोळीची धाकटी बहीण, तीही भाजीच.

आता उपाय :
- फूल यायच्या आत काढा. उन्हाळ्या-पावसाळ्यात उगवल्यापासून महिन्याभरात फूल येतं.
- उपटलेली घोळ सरीत टाकू नका. पाणीदार देठावर ती तग धरते, ओल मिळाली की परत मूळ धरते, बीसुद्धा पिकवते. रानाबाहेर काढा.
- घोळ माजलेल्या रानात रोटर फिरवू नका. एकाचे दहा तुकडे होतात आणि ते जगतात.
- लागवडीआधी बेड भिजवून तण उगवू द्या, मग वरच्यावर खुरपून घ्या. खोल नको.
- पाचटाचा जाड थर किंवा मल्चिंग पेपर घाला. उजेड तुटला की बी झोपून राहतं.

फवारणी झालेल्या रानातली घोळ खायला नेऊ नका, मजुरांनाही तसं सांगा. तिच्यात ऑक्झॅलेट असतं, त्यामुळं मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी जपून.

आमच्यात ती डाळ घालून, लसणाच्या फोडणीत होते. सगळी उपटून संपवायची खटपट मी करत नाही, ती संपणारही नाही. पिकात येऊ द्यायची नाही आणि बांधाकडेला दोन वाफे राहू द्यायचे, एवढंच.

तुमच्याकडं हिला काय म्हणतात?