घर गहाण टाकून खेळाडू जातो, संघ जात नाही

पोस्ट थोडी मोठी आहे, पण कोल्हापूरकरांनी वाचावी अशी आहे.

खाशाबा जाधवांची गोष्ट आपल्याला पाठ आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने गेले आणि सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायचं तर पुन्हा पैशाची अडचण. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा ब्राँझपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

याच हेलसिंकीला भारताच्या चार मुलीही गेल्या होत्या, हे मात्र आपल्यातल्या फार कमी लोकांना माहीत असतं. धावपटू नीलिमा घोष आणि मेरी डिसूझा, जलतरणपटू डॉली नाझीर आणि आरती साहा. आरती तर अवघी ११ वर्षांची. देश स्वतंत्र होऊन पाच वर्षं झालेली, आणि स्वतंत्र भारताकडून ऑलिंपिकला जाणाऱ्या या पहिल्या महिला. मेरी मुंबईच्या वांद्र्याची. तिच्याही घरी पैसा नव्हता. मित्रमंडळींनी नाचगाण्याचे आणि पत्त्यांचे कार्यक्रम ठेवून तिच्या प्रवासाला वर्गणी जमवली. म्हणजे इकडे प्राचार्यांचं घर, तिकडे वांद्र्याची वर्गणी. सरकार दोन्हीकडे हात आखडून.

इथपर्यंत मुलगा आणि मुलगी यांची गोष्ट सारखीच दिसते. फरक पुढे आहे.

मेरी एकटी धावणारी नव्हती. १९५१ ला दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या. तिथे मुंबईच्या रोशन मिस्त्रीने १०० मीटरमध्ये रौप्य मिळवलं, मेरीने २०० मीटरमध्ये ब्राँझ, आणि चार बाय शंभर रिलेत भारताच्या मुली दुसऱ्या आल्या. तीन वर्षांनी मनिलात त्याच रिलेत सुवर्ण! व्हायोलेट पीटर्स, ख्रिस्टिन ब्राऊन, पुण्याची स्टेफी डिसूझा आणि आपली मेरी. यातल्या मेरी आणि स्टेफी दोघीही भारताकडून हॉकीसुद्धा खेळल्या. १९६३ चा अर्जुन पुरस्कार स्टेफीला मिळाला तो ॲथलेटिक्ससाठी.

आता विचार करा. एका पैलवानाचं तिकीट घर गहाण टाकून काढता येतं. रिलेला चौघी लागतात, बास्केटबॉलला बारा, हॉकीला त्याहून जास्त. बारा मुलींसाठी बारा घरं कोण गहाण टाकणार? आणि टाकली तरी तिकिटाने संघ होत नाही. बारा जणींनी वर्षानुवर्षं एकत्र सराव करावा लागतो. त्यासाठी मैदान लागतं, मार्गदर्शक लागतो, आणि विसाव्या वर्षानंतरही खेळत राहता येईल असं पोटापाण्याचं साधन लागतं.

मग भारताचे महिला संघ टिकले कशावर? उत्तर ऐकून गंमत वाटेल. रेल्वेवर. मेरी रेल्वेत, स्टेफी रेल्वेत. १९८० ला मॉस्कोत महिला हॉकी पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आली, भारत चौथा आला. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं तेव्हा कर्णधार होती पुण्याची एलिझा नेल्सन. तीही रेल्वेची. क्रिकेटमध्ये डायना एदलजी आणि मिताली राज रेल्वेच्या. बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धांत तर महिलांमध्ये रेल्वेचा दबदबा वर्षानुवर्षं आहे. नोकरी, पगार, खेळायला रजा आणि सरावाला सोबतिणी. बस्स, एवढंच. पण एवढं दुसरं कुणीच देत नव्हतं.

आपल्या भाषेत सांगायचं तर रेल्वे ही या पोरींची तालीम होती.

कोल्हापूरकराला तालीम म्हणजे काय ते समजावून सांगायला नको. राजर्षी शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलं, मल्लांना आश्रय दिला, पेठापेठांत तालमी उभ्या राहिल्या. वस्ताद, खुराक, आखाडा, आणि पोरगा हरला तरी पाठीवर हात ठेवणारी पेठ. पुढे त्याच तालमींतून फुटबॉलचे संघ निघाले. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा. खर्डेकर सरांचा त्याग मोठाच, त्याबद्दल दुमत नाही. पण ज्या घडलेल्या मल्लासाठी त्यांनी घर गहाण टाकलं, त्याच्यामागे ही सगळी व्यवस्था आधीपासून उभी होती.

मुलींच्या वाट्याला ती आली नाही. म्हणून आपल्या नामवंत खेळाडू मुली बघा. तेजस्विनी सावंत, २०१० ची विश्वविजेती नेमबाज. राही सरनोबत, २०१८ ला पालेम्बांगमध्ये आशियाई सुवर्ण. दोघींचा अभिमान आहेच. पण दोन्ही यशं वैयक्तिक खेळातली. अनुजा पाटील भारताकडून क्रिकेट खेळली, पण ती एकटी गेली, कोल्हापूरचा संघ तिच्याबरोबर गेला नाही. घरच्यांनी कर्ज काढून एकीला पुढे नेता येतं, आणि आपण तिथेच थांबतो.

संघाला व्यवस्था मिळाली की काय होतं, हे क्रिकेटने दाखवलं. १९७३ ला महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा पुण्यात झाली, फक्त तीन संघ होते. २००५ ला भारत विश्वचषकाच्या अंतिम फेरीत पोचला, तेव्हा सामन्याला हजार रुपये मिळाले, असं मितालीनेच नंतर सांगितलं. २००६ ला महिला क्रिकेट बीसीसीआयकडे आलं. लगेच सोन्याचे दिवस आले असं नाही, समान सामना मानधन जाहीर व्हायला २०२२ उजाडलं. पण २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत विश्वचषक उचलला गेला, आणि त्या संघात सांगलीत वाढलेली स्मृती मानधना होती.

बास्केटबॉलकडे मात्र अजून कुणाचं लक्ष नाही. २०१७ ला बंगळुरूत आपल्या मुलींनी आशिया चषकाच्या 'ब' गटात अंतिम सामन्यात कझाकस्तानला ७५-७३ असं हरवलं. अनिता पॉलदुराई कर्णधार होती. पुण्याची शिरीन लिमये त्या संघात होती, पुढे तीही भारताची कर्णधार झाली. वरच्या गटात गेल्यावर टिकणं जड गेलं. महिला बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये १९७६ पासून आहे, भारताचा महिला संघ आजवर एकदाही तिथे पोचलेला नाही. मुली कमी पडतात म्हणून नाही हो. बारा जणी एकत्र, रोज, दहा वर्षं खेळतील अशी जागा आपण किती ठिकाणी केली?

शालेय स्पर्धांच्या बातम्या लिहिताना दरवर्षी तेच दिसतं. नववीपर्यंत पोरींचे संघ जोरात असतात. दहावीला निम्म्या गळतात, बारावीनंतर संघच उरत नाही. बास्केटबॉलचं कोर्ट २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद. एवढी जागा आपल्या प्रत्येक पेठेत पार्किंगला निघते.

तालमीच्या पदाधिकाऱ्यांनो, राग मानू नका. पण तुमच्या मंडळाच्या नावाने मुलींचा एक संघ, संध्याकाळचे दोन तास आणि एक मार्गदर्शक, एवढं यंदा होईल का? जिथे आधीच सुरू असेल त्यांनी खाली कमेंटमध्ये सांगा. बातमी करायला मी स्वतः येतो.