कडबोळ्यांची किंमत

२०२५ च्या दिवाळीत न्यू जर्सीतल्या लेकीकडे फराळ गेला नाही. ऑगस्टअखेरीस इथून अमेरिकेचं टपाल बंद झालं, ते १५ ऑक्टोबरला सुरू झालं. तोवर दिवाळी दारात! डब्यातली कडबोळी आम्हीच खाल्ली. पण जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेला, त्यामुळे हे असं का झालं ते शोधल्याशिवाय चैन पडेना.

शोधत शोधत १९३८ सालापर्यंत गेले.

अमेरिकेचा आयातकराचा मूळ कायदा १९३० चा. त्याला १९३८ मध्ये ३२१ क्रमांकाचं कलम जोडलं गेलं. एक डॉलरपर्यंतच्या मालावर कर नको. परदेशातून आलेली खरीखुरी भेट असेल तर पाच डॉलरपर्यंत नको. यात कुणाबद्दल कणव नव्हती बरं का! चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला, एवढाच हिशेब. कर हाती येणार तो किरकोळ आणि त्याच्या नोंदी करण्याचा खर्च त्याहून मोठा. म्हणजे सवलत दिली ती कारकुनाच्या लेखणीला.

मर्यादा पुढे वाढत गेली. १९७८ मध्ये पाच डॉलर, १९९३ मध्ये दोनशे, २०१६ मध्ये एकदम आठशे. तोवर घरबसल्या खरेदीचं युग आलेलं. २०२४ या आर्थिक वर्षात अशी १३० कोटींहून जास्त पार्सलं अमेरिकेत शिरली. एक डॉलरच्या चिल्लरीसाठी केलेल्या फटीतून केवढी ही वरात!

मला गंमत वाटली ती वेगळीच. कर माफ होता, पण प्रश्न माफ नव्हते. पाठवणारा कोण, घेणारा कोण, वस्तू काय, किती, किंमत, वजन, कुठल्या देशात बनली, एवढं सांगावंच लागे. खाजगी कुरियरवाले ही माहिती विमान पोचण्याआधी संगणकावरून देत. टपालाच्या पार्सलावर मात्र बहुधा हाताने भरलेली चिठ्ठीच असे. मग फेंटॅनिल नावाचं जीवघेणं अमली द्रव्य छोट्या पाकिटांतून टपालाने येऊ लागलं. म्हणून २०१८ च्या कायद्याने टपालालाही आगाऊ माहितीची सक्ती केली. २०१९ मध्ये माफीच्या मालासाठी नोंदीचा एक नवा प्रकार निघाला. त्यात वस्तूचा दहा आकडी क्रमांक द्यायचा. पहिले सहा आकडे जगभर सारखे, पुढचे अमेरिकेचे. आता ‘किती कर?’ यापेक्षा ‘आत काय?’ हा प्रश्न मोठा झाला होता. ज्या कारकुनाचे श्रम वाचवायला कलम आलं, त्याचं काम असं मागच्या दाराने परत आलं.

२ मे २०२५ ला चीन आणि हाँगकाँगच्या मालाची ही माफी संपली आणि २९ ऑगस्टला सगळ्या देशांची. आता कर गोळा कोणी करायचा नि भरायचा कुठे, याची व्यवस्थाच ठरलेली नव्हती. विमान कंपन्या पार्सलं घेईनात, म्हणून आपल्या टपाल खात्यालाही थांबावं लागलं. दोष त्यांचा नव्हे. आणि मौज पाहा, शंभर डॉलरपर्यंतच्या भेटीला तेव्हाही माफी होतीच! खाद्यपदार्थांची पूर्वसूचना मागणाऱ्या अमेरिकेच्या नियमातूनही घरी करून भेट म्हणून धाडलेले पदार्थ वगळलेले आहेत. म्हणजे कागदोपत्री माझा डबा निर्दोष. फक्त वाट बंद.

असो. नोव्हेंबरात पुन्हा घाणा घातला. खिडकीतल्या मुलाने विचारलं, “आजी, कडबोळी म्हणजे काय लिहू?”

“लिही, घरी केलेला तळलेला पदार्थ.”

“आणि किंमत?”

इथे मात्र मी अडखळले. मागे लोक खोळंबलेले. शेवटी भाजणी नि तेल मनातल्या मनात धरून साडेतीनशे रुपये सांगितले.