कोराडीचा नकाशा कोण काढतं?

कोराडीच्या चिमण्या लांबून दिसतात. त्या इथंच का उभ्या राहिल्या, हे समजायला मात्र देशाचं राजकारण बघावं लागतं.

1956 पर्यंत नागपूर राजधानी होतं. राज्य पुनर्रचनेत ती भोपाळला गेली, आपण आधी मुंबई राज्यात अन् 1960 मध्ये महाराष्ट्रात आलो. तो काळ पंचवार्षिक योजनांचा. तिसऱ्या योजनेत (1961-66) केंद्रानं शहरांच्या मास्टर प्लॅनसाठी पैसा दिला, 1966 मध्ये राज्यानं नगररचना कायदा केला. सरकारच ठरवणार, सरकारच बांधणार! त्याच जमान्यात, 1974 ला, वीज मंडळाचा पहिला संच कोराडीत सुरू झाला. कोळसा जवळचा, पाणी पेंचचं. गरज राज्याची, जमीन आपली.

1991 नंतर वारं फिरलं. 2005 मध्ये केंद्रानं जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियान आणलं. पैसा मिळेल, पण अटी पाळा. त्यातली एक अट, नागरी जमीन कमाल मर्यादा कायदा रद्द करा. महाराष्ट्रानं तो 2007 मध्ये रद्द केला. इकडे 2005 मध्येच वीज मंडळाच्याही कंपन्या झाल्या. 2014 ला दिल्लीत सरकार बदललं, 2015 मध्ये अभियान जाऊन स्मार्ट सिटी आली. योजनेचं नाव बदललं, वर ठरायची पद्धत तीच राहिली.

खरी मेख पुढं आहे. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीनं महानगर नियोजन समिती सांगितली. तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य नगरपालिकांच्या सदस्यांमधून अन् पंचायतींच्या प्रमुखांमधून निवडलेले हवेत. म्हणजे आपल्या सरपंचालाही तिथं जागा! पण 2017 पासून आपल्या भागाचं नियोजन एनएमआरडीएकडे आहे. त्याचे अध्यक्ष मुख्यमंत्री. कोणत्या पक्षाचं सरकार आहे, हा मुद्दाच नाही. मुंबईत खुर्ची बदलली की आपल्या गावाच्या नकाशाची मालकी बदलते, हा मुद्दा आहे.

आज कोराडी एकाच वेळी वीज केंद्र, देवस्थान अन् नागपूरचं उपनगर आहे. तिन्हीसाठी रस्ते, जागा, पाणी लागतं. पहिला हक्क कोणाचा, हे गावाला कोण विचारतं?

विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवणं कायद्यानं बंधनकारक आहे. पुढची नोटीस निघाली की व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड करून थांबू नका. नकाशात आपला सर्व्हे नंबर शोधा, लेखी हरकत द्या अन् पोच घ्या.