औषधाआधीचा प्रतिकार

पेनिसिलिनचा शोध १९२८चा. मेथिसिलिन या त्याच कुळातल्या औषधाला न जुमानणारे स्टॅफिलोकोकस जिवाणू (एमआरएसए) ब्रिटनमध्ये नोंदले गेले ते १९६१ साली. त्यामुळे असा प्रतिकार म्हणजे आपल्या औषधांचेच अपत्य, हे गृहीत धरले गेले. २०११मध्ये ‘मेक-सी’ हे प्रतिकाराचे नवे जनुक गाईच्या दुधात सापडले, तेव्हाही संशय गोठ्यावरच गेला. हा समज मोडला युरोपातल्या हेजहॉगने. (दिसायला हा आपल्या साळिंदराची आठवण देतो, कुळाने मात्र वेगळा.) डेन्मार्क-स्वीडनमधल्या हेजहॉगांत हे जनुक बाळगणारे जिवाणू मुबलक आढळले आणि २०२२च्या संशोधनाने त्यांच्या काही वंशांचा उगम एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नेला. त्या काळचा एकही नमुना जपलेला नाही, हा आक्षेप रास्त आहे. काळ ठरवला तो जनुकांत साचलेल्या बदलांच्या गतीवरून. पण कारणही हाती लागले आहे. हेजहॉगच्या कातडीवर वाढणारी एक बुरशी पेनिसिलिनसारखी द्रव्ये स्रवते, आणि तिच्या शेजारी टिकायचे तर जिवाणूला ढाल हवीच.

मग माणूस निर्दोष ठरतो का? मुळीच नाही. माणसांतले बहुतेक एमआरएसए संसर्ग या वंशांचे नाहीतच. काट्यांखालच्या झुंजीने ढाल घडवली. पण अशा ढालींना रुग्णालयांत आणि गोठ्यांत मोकळे रान मिळाले ते आपण बेसुमार वापरलेल्या औषधांमुळे.