दिनविशेष : १६ जून – आडपडद्याच्या काळातली साथ
मँचेस्टरच्या 'द स्मिथ्स' या बँडचा 'द क्वीन इज डेड' हा अल्बम १९८६ साली आजच्या दिवशी प्रसिद्ध झाला. समलिंगी श्रोत्यांनी तो आजवर जिवापाड जपला, आणि ते स्वाभाविकच आहे. ब्रिटनमध्ये तेव्हा संमतीवय स्त्री-पुरुष संबंधांसाठी १६, तर पुरुषांमधल्या संबंधांसाठी २१ होते. एड्सच्या भीतीने हेटाळणीही वाढली होती. अशा वेळी बँडचा गायक मॉरिसी याच्या प्रेमगीतांतली 'तू' व्यक्ती स्त्री की पुरुष, हे बहुधा उघड होत नसे. मुखपृष्ठावर हिरव्या छटेत पहुडलेला देखणा नट आलँ दलाँ, एका गाण्यात समलिंगी संबंधांपायी तुरुंगवास भोगलेल्या ऑस्कर वाइल्डचे नाव. घरात ब्र काढता न येणाऱ्याला एवढी खूण पुरेशी होती.

मॉरिसीने स्वतःला समलिंगी म्हणवून घेतले नाही, शिवाय त्याच्या पुढच्या राजकीय मतांनी अनेक चाहते दुखावले, हा आक्षेप खरा आहे. ते दुःखही रास्त आहे. पण त्या गाण्यांतून मिळालेला धीर गायकाच्या कबुलीवर कधीच अवलंबून नव्हता. तो मिळाला शब्दांतल्या मोकळ्या जागेमुळे, आणि ती जागा आजही तशीच आहे. आपल्याकडे भारतात तर प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध त्यांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७च्या कक्षेतून कायमचे बाहेर आले ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी, या अल्बमनंतर ३२ वर्षांनी.