सुमो, क्वालिस आणि कुंभार्ली घाट

"सेकंडहँड घ्यायची तर सुमो की क्वालिस?" हा वाद ज्याने कधीच ऐकला नाही, त्याने 2005 ते 2012 च्या दरम्यान कोकणातलं एकही लग्न अटेंड केलेलं नसावं. जेवणाची पंगत उठली की पुरुषमंडळी खुर्च्या गोल करून बसत आणि विषय इथेच येई. शेवट बहुतेक वेळा "ज्याची त्याची आवड" असा व्हायचा, आणि ते मला कधीच पटलं नाही. हा आवडीचा नाही, हिशोबाचा प्रश्न आहे. म्हणून आज या दोन गाड्यांचा थोडा इतिहास.

आता ज्याला क्रॉसओव्हर म्हणतात ती दिसायला जीपसारखी, पण आतून कारच असते. त्या काळी हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. आठ-दहा माणसं बसतील अशी "मोठी गाडी", एवढीच व्याख्या. सुमो आणि क्वालिस दोन्ही मालवाहू गाड्यांच्या जातकुळीतल्या, वेगळ्या चेसिसवर बॉडी बसवलेल्या. पण कुटुंबात त्यांचं काम तेच होतं जे आज क्रॉसओव्हर करते.

आणि परीक्षेचं केंद्र म्हणाल तर पोफळी! चिपळूणहून कराडला जाताना शिरगाव सोडलं की पोफळी येतं आणि लगेच कुंभार्ली घाट सुरू होतो. वर हेळवाक, पुढे पाटण, कराड. पोफळीला डोंगराच्या पोटात कोयनेचं वीजगृह आहे, 1960 च्या दशकापासून वीज देतंय, आणि त्यामुळे तिथे पगारदार माणसांची कॉलनी आहे. घाटावरची बरीच माणसं इथे नोकरीला, म्हणजे सणासुदीला कुटुंबासकट घाट चढणं आलंच. आजारी माणसाला कराडला न्यायचं तरी हाच रस्ता. पावसाळ्यात धुकं असं की स्वतःच्या गाडीचं बॉनेट दिसत नाही. कधी दरड. इथे गाडी बंद पडणं म्हणजे काय, हे पुण्याच्या सिग्नलवर बंद पडणाऱ्यांना कळायचं नाही.

सुमो आली 1994 साली. टेल्कोचे सुमंत मुळगावकर 1989 मध्ये गेले, त्यांच्या नावातला 'सु' आणि आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधला 'मो' घेऊन हे नाव केलं. (जपानी पैलवानांशी संबंध नाही, पण गाडीचा आकार बघून लोकांना तेच खरं वाटे.) 1948 सीसीचं डिझेल इंजिन, सुरुवातीला टर्बो नाही. दहा माणसं आणि टपावर सामान घेऊन घाट चढताना दुसऱ्या गिअरवर ओरडत जायची. आवाज, हादरे, दाराच्या रबरातून झिरपणारं पाणी, सगळं होतं. तरी 1997 पर्यंत एक लाखाहून जास्त सुमो विकल्या गेल्या. कारण त्या किमतीत तेवढी जागा देणारं दुसरं फारसं काही नव्हतं.

क्वालिस आली 2000 साली, बंगळूरजवळच्या बिडदीहून. कंपनी टोयोटा किर्लोस्कर, म्हणजे आपल्या किर्लोस्करवाडीच्या घराण्याचं नाव दारावर. खरं तर ही इंडोनेशियातली जुनी 'किजांग'. किजांग म्हणजे त्यांच्याकडचं हरीण, आपलं भेकर म्हणा ना! मॉडेल जुनं आणि दिसायला खोक्यासारखं, म्हणून जाणकारांनी नाकं मुरडली. पण 2446 सीसीचं ते इंजिन शांत आणि दणकट. नीट ऑइल बदलत राहिलात तर काही लाख किलोमीटर उघडायला लागायचं नाही, फक्त टायमिंग बेल्ट वेळच्या वेळी बदला. खप चांगला असतानाच 2005 मध्ये कंपनीने ती बंद करून इनोव्हा आणली. सुमो मात्र रूपं बदलत 2019 पर्यंत निघत होती.

मग भरवशाची कुठली? इथे आमच्या धंद्यातले दोन आकडे कामाला येतात. सर्व्हर किती भरवशाचा हे बघताना आम्ही दोन गोष्टी मोजतो: दोन बिघाडांमधला सरासरी काळ (एमटीबीएफ) आणि दुरुस्तीला लागणारा सरासरी वेळ (एमटीटीआर). लग्नातल्या वादात एक पार्टी पहिला आकडा बोलत असते आणि दुसरी पार्टी दुसरा, म्हणून तो वाद संपत नाही.

समजा एक गाडी वर्षातून सहा वेळा कुरकुरते, पण दर वेळी अर्ध्या दिवसात दुरुस्त होते. वर्षाला तीन दिवस गेले. दुसरी दोन वर्षांतून एकदाच बिघडते, पण पार्ट शहरातून मागवायला दहा दिवस लागतात. वर्षाला पाच दिवस! (आकडे उदाहरणापुरते.) सुमो ही पहिली, क्वालिस ही दुसरी. सुमोची क्लच प्लेट, बेअरिंग, नोझल तालुक्याच्या गावात मिळे, आणि तिचं इंजिन न उघडलेला मिस्त्री शोधून सापडत नसे. वडाप चालवणाऱ्याला म्हणूनच सुमो किंवा ट्रॅक्स परवडे. त्याचं पोट रोजच्या फेऱ्यांवर, त्याला बुडालेले दिवस मोजायचे असतात.

पण घरच्या माणसाचा हिशोब तो नाही. गाडी दहा दिवस गॅरेजला राहिली तर तो एसटीने जाईल. रात्री दोनला मागच्या सीटवर आईला झोपवून घाट चढताना गाडी बंद पडणार का, एवढाच त्याचा प्रश्न असतो. तिथे दुरुस्तीला किती वेळ लागतो याला शून्य किंमत. अर्ध्या घाटात मिस्त्री कुठून येणार? तिथे फक्त पहिला आकडा चालतो, आणि त्यात क्वालिस सरळ पुढे. माझं मत विचाराल तर पोफळीच्या कुटुंबाला क्वालिस, चिपळूणच्या वडापवाल्याला सुमो. जास्त किंमत मोजावी लागली तरी.

एक अट मात्र होती, आणि ती मॉडेलपेक्षा मोठी. ती विशिष्ट गाडी आधी काय करत होती? सुमो वडापला होती का, दहाच्या जागी पंधरा माणसं बसली होती का, हे मागच्या पाट्याच्या स्प्रिंगा बघून कळे. क्वालिसचंही तेच. आमच्या आयटीवाल्यांना आणि कॉल सेंटरच्या पोरांना रात्रंदिवस ने-आण करणाऱ्या गाड्या याच. बाजारात येताना त्यांचं मीटर मागे फिरलेलं असायचं :) त्यापेक्षा एकाच मालकाची, एमएच 08 पासिंगची, सर्व्हिसच्या पावत्या जपलेली सुमो कधीही बरी. क्वालिस हवी, पण अशी नको.

त्यात 26 जुलै 2005 चा पूर. मुंबई बुडाली, चिपळूण बुडालं, आणि पाण्यात राहिलेल्या गाड्या धुऊन-पुसून विकायला आल्या. 22 जुलै 2021 ला चिपळूण पुन्हा बुडालं तेव्हाही तेच. अशी गाडी ओळखायची तर कार्पेट उचलून सीटच्या रुळांत बोट घालायचं आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायचा. तिथला गाळ सहसा धुवायचा राहून गेलेला असतो.

आता दोन्ही गाड्या उताराला लागल्यात. पंधरा वर्षांनी फेरनोंदणी, पर्यावरण कर, पुढे दर पाच वर्षांनी फिटनेस. शेवटची क्वालिससुद्धा 2025 मध्ये वीस वर्षांची झाली. आणि पंगतीनंतरच्या वादात आता बोलेरो आणि जुनी इनोव्हा असतात. तिथेही एक जण बिघाड मोजतो आणि दुसरा गॅरेजचे दिवस.